नावं मिळणार नाहीत

माणसांच्या गटांचा अभ्यास करायचं इंद्रायणी ढवळेने पंधराव्या वर्षी ठरवलं, आणि त्याला कारण तिचे वडील.

तेव्हा पुनावळे हे गावच होतं. हायवेची आखणी नुकतीच झाली होती. ढवळ्यांच्या सात घरांची मिळून असलेली ओढ्याकाठची जमीन एका बिल्डरला द्यायची की नाही, यासाठी भावकी बसली होती. इंद्रायणी चहा घेऊन गेली आणि कप गोळा करायच्या निमित्ताने तिथेच रेंगाळली. थोरले चुलते भैरूअण्णा म्हणाले, "मग, द्यायची ना?" एकेक जण मान हलवत गेला. तिच्या वडिलांनी, दादासाहेबांनीही मान हलवली. घरी येऊन मात्र ते जेवले नाहीत.

"तुमाला द्यायची नव्हती?" तिने विचारलं.

"न्हाई गं."

"मग तिथं का न्हाई बोललात?"

"समदेच व्हय म्हनत हुते. आमी एकट्यानं काय बोलनार?"

पुढच्या आठवडाभरात इंद्रायणी काही ना काही मागायला सगळ्या चुलत्यांच्या घरी जाऊन आली आणि प्रत्येक काकूला तिने सहज म्हणून तेच विचारलं. सातांपैकी पाच घरांत एकच उत्तर मिळालं. ह्यांना द्यायची नव्हती, पण बाकीच्यांचं मन कशाला मोडा. भैरूअण्णांच्या घरातसुद्धा हेच. पाच घरांना जे नको होतं ते सात घरांनी एकमताने केलं होतं. जमीन गेली, तिथे बारा मजल्यांच्या इमारती आल्या. गावातले लोक ते विसरले. इंद्रायणी विसरली नाही.

पुण्यात मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर पीएच.डी.साठी तिने कारखान्यातल्या कामगारांच्या गटांचा विषय घेतला. मार्गदर्शक म्हणाले, कॉलेजची मुलं खोलीत बसव, प्रश्नावली भरून घे, दोन वर्षांत मोकळी होशील. तिने ऐकलं नाही. भोसरीच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ती नऊ महिने जेवली. कोण कुणाशेजारी बसतं, डब्यातली चटणी कुणापुढे सरकते आणि मुख्य म्हणजे तोंड उघडण्याआधी कोण कुणाकडे बघतं, हे ती वहीत टिपायची. माणसाच्या जागी एक गोल, गोलात एक अक्षर, नजर जिकडे जाईल तिकडे बाण. शेवटी कागदावर त्या गटाचा नकाशा उभा राहायचा. सगळ्यांत जास्त बाण बहुतेक वेळा भलत्याच माणसाकडे जात असत. मोठ्याने बोलणाऱ्याकडे क्वचितच, आणि सुपरवायझरकडे तर जवळजवळ कधीच नाही.

तोंडी परीक्षेत एका परीक्षकाने वही मिटत विचारलं, "बाई, हे शास्त्र आहे की चहाडी?"

"नावं लिहिली असती तर चहाडी झाली असती," ती म्हणाली. "मी अक्षरं लिहिली आहेत."

पदवी मिळाली. पुढची पंधरा वर्षं ती भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात कंपन्यांची सल्लागार म्हणून फिरली. नवरा प्रीतम वाकडच्या एका आयटी कंपनीत, घर पिंपळे सौदागरला. लोणावळ्याच्या रिसॉर्टमध्ये साहेब लोकांच्या डोळ्यांना पट्ट्या बांधून एकमेकांवर विश्वास ठेवायला शिकवायचं कामही तिने दोनदा केलं आणि तिसऱ्यांदा नको म्हणून सांगितलं. तिला खरी मजा शॉप फ्लोअरवर यायची. नवीन पोरं एकाच शिफ्टमधून महिन्याभरात का पळतात, मेंटेनन्सवाले आणि क्वालिटीवाले एकमेकांना निरोप का देत नाहीत, हे ती शोधून द्यायची. पहिल्या दिवशी ती कामगारांना दोन गोष्टी सांगायची. तुमचं नाव माझ्याकडून कुठेही जाणार नाही. आणि जे मला सापडेल ते मी तुम्हालाही सांगेन. तिच्या कामाचा सगळा डोलारा या दोन वाक्यांवर उभा होता आणि इतकी वर्षं तो कुणी हलवून बघितला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी चाकणच्या कृष्णवेल कॉम्पोनंट्समधून तिला बोलावणं आलं. गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग तिथे मोठमोठ्या प्रेसवर ठोकले जायचे. मनुष्यबळ विभागाचे प्रमुख श्रीपाद सर म्हणून होते, मृदू आवाजाचे, समोरच्याला आधी पाणी विचारणारे. त्यांनी सांगितलं की महिन्यापूर्वी प्रेस शॉपमध्ये एक अपघात झाला आहे. पूनम नावाच्या ऑपरेटरची उजव्या हाताची दोन बोटं गेली. तिने सूचना न पाळता प्रेसमध्ये हात घातला, तिची चौकशी लागली आहे. पण या प्रकाराने फर्स्ट शिफ्टचं वातावरण बिघडलंय, माणसं गप्प गप्प झाली आहेत.

"गट पुन्हा बांधायचाय, मॅडम. एवढंच."

त्या प्रत्येक प्रेसला एक सेन्सर असतो. हात आत गेला की मशीन जागच्या जागी थांबतं. मग पूनमचा हात आत असताना प्रेस खाली आलाच कसा, हे इंद्रायणीने तिथे विचारलं नाही. विचारून उत्तर मिळणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

सहा आठवडे ती सकाळी सातच्या शिफ्टला हजर राहिली. लाइनवर एकतीस जण होते. साताऱ्याकडचा जयसिंग सगळ्यांत बोलका. जेवणाच्या सुट्टीत तो बोलायचा आणि बाकीचे हसायचे. सुपरवायझर भीमराज सतत घड्याळाकडे बघत असायचा. लाइनच्या टोकाला तयार पार्ट तपासायला सुमनताई बसत, खेडजवळच्या एका गावच्या, पन्नाशीच्या, आधी कैक वर्षं प्रेसवर काढलेल्या, दिवसभरात वीस शब्दसुद्धा न बोलणाऱ्या. तिसऱ्या आठवड्यात इंद्रायणीने नकाशा काढला तेव्हा जयसिंगकडे पाच बाण गेले होते आणि सुमनताईंकडे एकोणीस. जयसिंगही विनोद सांगून झाला की आधी सुमनताईंकडे बघायचा.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. टार्गेट मागे पडलं होतं. भीमराजने खिशातून एक छोटी चावी काढली, तीन नंबरच्या प्रेसच्या बाजूला लावून फिरवली आणि सेन्सरचा हिरवा दिवा विझला. कुणीही मान वर केली नाही. प्रेस दुप्पट वेगाने चालायला लागला.

त्या दिवशी तिने एकेकाला बाजूला घेऊन विचारलं, सेन्सर कधी बंद ठेवतात का? सगळे म्हणाले, नाही, कायम चालू असतो. एकतिसांपैकी एकही चुकला नाही, एकाचाही आवाज अडखळला नाही. इतकं एकमत तिने आयुष्यात एकदाच पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये तिने कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. नाव घालायचं नाही, दोनच उत्तरं लिहायची. पहिलं, सेन्सर बंद ठेवतात की नाही. दुसरं, हे खरं सांगायला बाकीच्यांपैकी कुणी तयार होईल असं तुम्हाला वाटतं का. चिठ्ठ्या तिने पुठ्ठ्याच्या खोक्यात गोळा केल्या, घरी नेल्या आणि जेवणाच्या टेबलावर मोजल्या. सत्तावीस जणांनी लिहिलं होतं, बंद ठेवतात. आणि एकोणतीस जणांनी लिहिलं होतं की बाकीच्यांपैकी कुणीही बोलणार नाही.

प्रीतमने तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. "म्हणजे सगळ्यांना माहितीये."

"सगळ्यांना माहितीये," इंद्रायणी म्हणाली, "आणि प्रत्येकाला वाटतंय की आपण एकटेच आहोत."

ती पूनमला भेटायला गेली. पूनम औशाकडची, चाकणला दोन मैत्रिणींबरोबर खोली करून राहायची. उजवा हात अजून पट्टीत होता.

"मॅडम, मी काय हौसेनं हात घातला का?" ती म्हणाली. "सेन्सर बंद हुता. चार साक्षीदार झाले, चौघं बी म्हनले चालू हुता. त्यातली एक माझी मैतरीन हाय. माझ्याच ताटात जेवायची."

"तिचा राग येतो?"

"नाही. तिच्या जागी मी असते तर मी बी तसंच म्हनले असते. तेच लई बोचायलंय."

सहाव्या आठवड्याच्या शेवटी इंद्रायणीने अहवाल दिला. नकाशा दिला, त्यात अक्षरं. चिठ्ठ्यांचे आकडे दिले. निष्कर्ष एका ओळीत लिहिला: या गटात बिघाड नाही, गटाला गप्प राहायला शिकवलं गेलं आहे, आणि अपघात त्यातून झाला आहे.

श्रीपाद सरांनी अहवाल वाचला. केबिनचं दार लावून घेतलं. आवाज तसाच मृदू होता.

"सेन्सरचा भाग आपल्या विषयात बसत नाही, मॅडम. तो काढा. आणि हा नकाशा फार सुंदर आहे, फक्त अक्षरांची नावं करून द्या."

"नाही."

"सगळी नकोत. हे बाण जिथं जातात ना, हे 'ठ'. एवढं एकच नाव द्या. गटाला दिशा देणारा माणूस कोण हे व्यवस्थापनाला कळायला नको का? आपल्या तिन्ही प्लांटचं वर्षभराचं काम तुमच्याकडेच येणार आहे."

"त्यांना मी शब्द दिला होता. तुमच्यासमोर दिला होता, पहिल्या दिवशी."

"तो त्यांच्यासाठी हो. सल्लागार तुम्ही आमच्या आहात." ते जरा पुढे झुकले. "जयसिंगच ना?"

इंद्रायणीला उत्तर माहीत होतं. 'नाही' म्हटलं तर एक माणूस वगळला जाणार, मग दुसरं नाव विचारलं जाणार, मग तिसरं. 'हो' म्हणणं शक्यच नव्हतं. तिने चेहरा हलू दिला नाही.

"नावं मिळणार नाहीत," ती म्हणाली. "हे नाही, ते नाही, कुठलंच नाही. आणि सेन्सरचा भाग निघणार नाही. आता मला कामगारांना निकाल सांगायचाय. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत पंधरा मिनिटं द्या."

"ती परवानगी मिळणार नाही. आणि तुम्ही गोपनीयतेच्या करारावर सही केली आहे, हे लक्षात असू द्या."

तिथून ती घरी न जाता पुनावळ्याला गेली. दादासाहेब आता पंचाहत्तरीचे होते. सोलर बसवलेला असूनही आंघोळीच्या पाण्याला बंबच पेटवायचे. इंद्रायणीने पिशवीतून वही काढली. कुठलं अक्षर म्हणजे कोण, हे फक्त त्या वहीच्या शेवटच्या दोन पानांवर होतं. तिने ती पानं फाडली आणि बंबात टाकली. मग पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या चिठ्ठ्याही मूठ मूठ करून टाकल्या. हस्ताक्षर ओळखता येतं.

"काय जाळतीस गं?"

"माझं सहा आठवड्यांचं काम."

"कामावरनं काढलं व्हय?"

"अजून न्हाई. काढतील."

दादासाहेबांनी चिमट्याने एक अर्धवट जळालेली चिठ्ठी आत ढकलली. "मग जाळायची ती नीट जाळ," ते म्हणाले.

चार दिवसांत जयसिंगची बदली झाली. कंपनीच्या गुजरातमधल्या प्लांटला, दोन दिवसांत हजर व्हायचं. बातमी कळली तेव्हा इंद्रायणी भर रस्त्यात गाडी बाजूला घेऊन बसून राहिली. ती एक शब्द बोलली असती तर त्याची बायकापोरं इथे राहिली असती आणि दुसरंच कुणीतरी गेलं असतं. हे गणित कुठल्याही बाजूने मांडलं तरी बरोबर सुटत नव्हतं. तिने त्याला फोन केला.

जयसिंग थेट म्हणाला, "मॅडम, तुम्ही नाव दिलंत का माझं?"

"नाही दिलं. पण तुझं नाही, असंही म्हणाले नाही."

"ते बरं केलंत," तो म्हणाला. "नाहीतर ताई गेल्या असत्या. आम्हाला काय कळत नाही व्हय राव? मी आपला बडबड्या. लायनीवर ताईंशिवाय पान हलत नाही." मग त्याने विचारलं, "त्या चिठ्ठ्यांचं काय निघालं, ते सांगणार होता तुम्ही."

"सांगणार आहे. आत परवानगी नाही. सोमवारी शिफ्ट सुटल्यावर गेटसमोरच्या टपरीवर सांगते."

"मग मी ग्रुपवर टाकतो. जाता जाता एवढं काम करून जातो."

सोमवारी साडेतीनला शिफ्ट सुटली. तळेगाव रोडला लागून असलेल्या टपरीपुढे पंचवीस-सव्वीस जण येऊन उभे राहिले. कंपनीची बस सुरू होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. गेटवरचा सिक्युरिटीवाला मोबाइलवर शूटिंग करत होता. इंद्रायणीने त्याच्याकडे पाहिलं आणि आवाज वाढवला.

"मी सांगितलं होतं, जे सापडेल ते तुम्हालाही सांगेन. तुम्ही एकतीस जणांनी चिठ्ठ्या लिहिल्यात. त्यातल्या सत्तावीस जणांनी लिहिलंय की सेन्सर बंद ठेवतात. आणि एकोणतीस जणांना वाटतं की दुसरं कुणीच बोलणार नाही. चिठ्ठ्या जाळल्या आहेत. कुणाचं काय होतं ते आता मलाही कळणार नाही. पुढे काय करायचं ते मी सांगणार नाही. तो माझा अधिकार नाही. पण सत्तावीस हा आकडा तुमचा आहे, तो तुम्हाला माहीत असायला पाहिजे."

एकाने चहाचा कप टपरीवर ठेवला. काहींनी सवयीने सुमनताईंकडे पाहिलं. सुमनताईंनी डब्याची पिशवी काखेत धरली आणि त्या बसमध्ये जाऊन बसल्या. त्यांच्यामागे सगळे गेले. दोन मिनिटांत टपरीपुढे इंद्रायणी एकटी उरली.

त्या संध्याकाळी तिला पहिल्यांदा वाटलं की पंधरा वर्षं आपण चुकीचं शिकलो. दुसऱ्या दिवशी कुरिअरने वकिलाची नोटीस आली: करारभंग, कंपनीची बदनामी, कामगारांना चिथावणी. तिने खाली चार ओळींत उत्तर लिहिलं की मी कामगारांना त्यांचीच उत्तरं सांगितली, ती कंपनीची मालमत्ता नव्हती, आणि हे मी पुन्हा सांगेन. प्रीतम म्हणाला, शेवटचं वाक्य वकिलाला तरी दाखव. तिने ते खोडलं नाही.

पूनमच्या चौकशीची पुढची तारीख दहा दिवसांनी होती. पूनमने इंद्रायणीला आपली साक्षीदार म्हणून बोलावलं. चौकशी कंपनीच्याच काचेच्या भिंती असलेल्या मीटिंग रूममध्ये चालायची. चौकशी अधिकारी म्हणून बाहेरचे एक वयस्कर वकील नेमले होते. एका बाजूला श्रीपाद सर, दुसऱ्या बाजूला पूनम. आधीचे चार साक्षीदार आणि भीमराज, सगळ्यांना भिंतीलगतच्या खुर्च्यांवर बसवून ठेवलं होतं. हे का केलंय, ते इंद्रायणीला आत पाऊल टाकताच कळलं. बोलणाऱ्याला आपण कुणासमोर बोलतोय ते सतत दिसत राहावं, म्हणून.

तिने आकडे सांगितले. अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"ही उत्तरं कुणाकुणाची?"

"ते सांगणार नाही."

"चिठ्ठ्या कुठे आहेत?"

"जाळल्या."

"मॅडम, नाव नाही, कागद नाही. मग या साक्षीची किंमत काय धरायची मी?"

"शून्य धरा," इंद्रायणी म्हणाली. "पण ती का शून्य झाली, तेही लिहून घ्या. मला नावं विचारण्यात आली, मी दिली नाहीत, आणि चार दिवसांत एका माणसाची बदली झाली. मी चिठ्ठ्या ठेवल्या असत्या तर आणखी काही जणांची बदली झाली असती."

श्रीपाद सर उठून म्हणाले, हे रेकॉर्डवर घेऊ नये. अधिकाऱ्यांनी थोडा विचार केला आणि लेखनिकाला म्हणाले, घ्या. मग तिला बाहेर बसायला सांगितलं.

पुढची साक्ष कंपनीच्या बाजूची होती. श्रीपाद सरांनी त्यासाठी लाइनवरचं सगळ्यांत गरीब, सगळ्यांत मुकं माणूस निवडलं होतं. इंद्रायणी काचेबाहेरच्या सोफ्यावर बसली होती तेव्हा सुमनताई तिच्यासमोरून आत गेल्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

आतलं काही ऐकू येत नव्हतं. पण बघायचं काम तर ती आयुष्यभर करत आली होती. सुमनताई खुर्चीच्या कडेवर बसल्या. श्रीपाद सरांनी हसून काहीतरी विचारलं. सुमनताईंनी पदर सावरला आणि बोलायला लागल्या. आधी पूनमचं डोकं वर आलं. मग लेखनिकाचा हात थांबला आणि पुन्हा घाईने लिहायला लागला. श्रीपाद सरांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, डोळ्यांतून मात्र गेलं. भीमराज जमिनीकडे बघत होता. आणि भिंतीलगतचे चौघे, जे आल्यापासून श्रीपाद सरांकडे बघत होते, त्यांच्या माना एकेक करून सुमनताईंकडे वळल्या. इंद्रायणी उभी राहिली. कशासाठी ते तिलाच कळलं नाही.

आत काय झालं ते पूनमने नंतर गेटबाहेर सांगितलं, एका दमात.

"ताई म्हनल्या, सेन्सर बंद व्हता. चावी भीमराजकडं असती, पर तेच्या मनानं तो लावत न्हाई, तेला वरनं फोन येतो. मग त्या म्हनल्या, मीच नव्या पोरींना शिकवते, सेन्सर बंद असला की हात कसा झटकन काढायचा. पूनमला बी मीच शिकवलं. माझ्या शिकवन्यातच चूक व्हती, हात काढायला न्हाई, हात घालायचाच न्हाई म्हनून शिकवायला पायजे व्हतं. ताई बोलायल्या न् समदे गप. मग सरांनी इचारलं, तुम्हाला हे कुनी पढवलं? तर म्हनल्या, सत्तावीस जनांनी." पूनमने डाव्या हाताने डोळे पुसले. "मॅडम, माझी मैतरीन उटली न् म्हनली, माजी साक्ष परत घ्या."

चौघांपैकी तिघांनी साक्ष बदलली. चौथा बदलला नाही. भीमराज म्हणाला, मला आठवत नाही, आणि शेवटपर्यंत तेच म्हणत राहिला. आठवड्याभरात लाइनवरच्या एकोणीस जणांनी सरकारच्या औद्योगिक सुरक्षा खात्याला सह्यांचं पत्र दिलं. पहिली सही सुमनताईंची, मराठी तिसरीतल्या मुलासारख्या सुट्या सुट्या अक्षरांत. खात्याची माणसं आली, प्रेस शॉप अकरा दिवस बंद राहिलं, चाव्यांचे खटके काढून टाकले गेले. पूनमवरचे आरोप रद्द झाले आणि ती तपासणीच्या टेबलावर, सुमनताईंच्या शेजारी कामाला लागली. सगळं खापर भीमराजवर फोडून त्याला निलंबित केलं. ज्याचा फोन यायचा त्याचं नाव कुठल्याच कागदावर आलं नाही. जयसिंग गुजरातहून परत यायला अजून धडपडतोय. श्रीपाद सरांना बढती मिळाली.

इंद्रायणीची कामं मात्र एकामागून एक थांबली. कुणी कारण सांगितलं नाही. फोन उचलला जात नव्हता, ठरलेल्या मीटिंग पुढे जात होत्या, ती अधूनमधून शिकवायची त्या कॉलेजनेही तिची सेमिस्टरभराची व्याख्यानं दुसऱ्याला दिली. त्यातच ज्या व्यावसायिक संघटनेची ती सदस्य होती तिच्याकडे कंपनीने तक्रार केली की या बाईंनी ग्राहकाचा विश्वासघात केला. सुनावणीला तिघे ज्येष्ठ मानसशास्त्रज्ञ बसले होते. त्यातले एक तिला चांगले ओळखत होते. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघ, भावनेच्या भरात झालं असं लिहून दे. विषय संपेल."

"भावनेच्या भरात नाही झालं. विचार करून केलं."

"पुन्हा अशी वेळ आली तर?"

"तर टपरीपर्यंत थांबणार नाही. करारातच लिहून घेईन की निकाल आधी कामगारांना, मग साहेबांना."

तिघांनी आपापसात पाहिलं. बोलण्याआधी दोघांची नजर मधल्याकडे गेली, हे तिने सवयीने टिपलं आणि तिला हसू आवरेना. महिन्याभराने लेखी समज देणारं पत्र आलं. सदस्यत्व काढलं नव्हतं, पण शब्द कडक होते.

प्रीतमला वाटलं ती ते फाडून टाकेल. तिने त्याच्या पन्नास प्रती काढल्या. तेव्हापासून ती कुठल्याही कंपनीला कामाचा प्रस्ताव पाठवते तेव्हा सोबत नवीन अटींचा करार असतो आणि वर ते समजपत्र असतं. बहुतेक प्रस्ताव परत येतात, किंवा येतही नाहीत. चाकणमधले कामगार मात्र तिला गुरुवारी, साप्ताहिक सुट्टीला, आपणहून बोलावतात. कधी खेडला, कधी महाळुंग्याला एखाद्या समाजमंदिरात सतरंजीवर बसून ती त्यांना दाखवते की माणसं एकत्र असूनही एकटी कशी पडतात. चार-दोन वेळा सुमनताईही आल्या. मागे बसून ऐकत राहिल्या.

गेल्या मार्चमध्ये तळवड्याच्या लक्ष्मणराव नावाच्या एका लहान कारखानदाराचा फोन आला. साठ माणसं, सहा प्रेस.

"मॅडम, तुमचं ते वरचं पत्र वाचलं," ते म्हणाले. "ही समज कशाबद्दल हो?"

इंद्रायणीने पहिल्यापासून सगळं सांगितलं, जयसिंगसकट, जळलेल्या चिठ्ठ्यांसकट. वीस मिनिटं लागली. पलीकडे प्रेस ठोकल्याचा आवाज अखंड चालू होता.

"म्हणजे मलाही नावं देणार नाही तुम्ही?"

"नाही."

"आणि काही वाईट निघालं तर माझ्याआधी माणसांना सांगणार."

"हो."

इंद्रायणीने वाट पाहिली, पण अट सैल केली नाही, समजूतही घातली नाही.

"आमच्याकडे मागच्या वर्षात दोघांना लागलं," लक्ष्मणराव शेवटी म्हणाले. "दोन्ही वेळेला सगळे म्हणाले, त्याचीच चूक. मला झोप नाही हो." मग त्यांनी विचारलं, "मंगळवारी सकाळी सातला याल?"

"पावणेसातला येते," इंद्रायणी म्हणाली. "सात वाजता सगळे कामाला लागलेले असतात."